मित्राच्या गाडीला लावलेलं चुंबक

नोव्हेंबरमध्ये एका सोमवारी मिलिंद गांगुर्डे वारला. सकाळी त्याच्या मुलीचा, प्रज्ञाचा, फोन आला. मी सातपूरला गेलो. संध्याकाळी घरी आलो.

फेब्रुवारीत पुन्हा तिचाच फोन आला. "काका, बाबांच्या गाडीचं व्हॅल्युएशन करायचंय. पुण्याचे एक करंदीकर म्हणून आहेत, जुन्या गाड्या जमवतात. ते बघायला येणार आहेत. त्याआधी त्यांना रिपोर्ट हवाय."

"दुसऱ्या कुणाला सांग. मी घरातलाच झालो."

मग फोन तिच्या आईने, शीलावहिनींनी घेतला. "भाऊजी, दुसरा माणूस खरं सांगेल, पण मला कळेल असं नाही सांगणार. तुम्हीच या."

मी मोटार सर्व्हेअर आणि व्हॅल्युअर आहे. अपघात झालेली गाडी बघून नुकसान विमा कंपनीला कळवायचं आणि जुन्या गाडीची आजची किंमत ठरवायची, एवढंच माझं काम. साध्या गाडीचं गणित सोपं असतं. शोरूमच्या दारातून बाहेर पडली की ती दरवर्षी उतरत जाते. याला डेप्रिसिएशन म्हणतात. पण काही थोड्या गाड्या तळाला जाऊन तिथे वर्षानुवर्षं पडून राहतात आणि मग पाण्याखालून बुडबुडा यावा तशा वर येऊ लागतात. त्यांना क्लासिक म्हणतात. कोणती वर येईल ते आधी कुणालाच सांगता येत नाही. व्हॅल्युअरलाही नाही. आमचा रिपोर्ट आजच्या तारखेचा असतो.

मिलिंदची गाडी या वर येणाऱ्यांपैकी आहे, असं तो म्हणायचा. लाल रंगाची, दोन दारांची, कापडी छताची, फायबर बॉडीची छोटी स्पोर्ट्स कार. आपल्याकडे थोडीच वर्षं बनली. नवी असतानाही फार महाग नव्हती. नाव लिहीत नाही, कारण उरलेले मालक नाव वाचलं की भावुक होतात आणि मग पत्रं पाठवतात.

मिलिंद टूलमेकर होता. सातपूरला भाड्याच्या गाळ्यात दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि सोमनाथ नावाचा टर्नर. तिथल्या छोट्या गाळ्यांत ड्रॉइंगवर काम कमी, सॅम्पलवर जास्त. झिजलेला पार्ट आणून टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, अस्साच करून द्या. मिलिंद मात्र अस्साच करून देत नसे. मूळ पार्टात काय चुकलं होतं ते शोधून तो सुधारून द्यायचा. गिऱ्हाईक खूश व्हायचं आणि परत लवकर यायचं नाही.

रविवारी सकाळी आम्ही छत उघडं टाकून निफाडच्या बाजूला जायचो. थंडीच्या दिवसांत उसाच्या रानावर धुकं असायचं. रस्ता दिसायचा नाही, फक्त आवाज असायचा. मी पुस्तक बरोबर नेत असे आणि कधीच उघडत नसे. "मास्तर," तो म्हणायचा (मी शिक्षक कधीच नव्हतो), "वाचा की. मी हळू चालवतो." मग वेग वाढवायचा. सायखेड्याला पुलावर थांबून आम्ही गोदावरी बघायचो. फार बोलत नसू. त्या सकाळी एकमेकांत मिसळून गेल्या आहेत. आता आठवताना एकच लांब सकाळ आठवते.

त्या गाडीत त्याने सगळं घातलं होतं. गाळ्यावाल्याला पेन्शन नसते. विमा त्याने घेतला नव्हता. माझा मित्र असून घेतला नव्हता. वहिनींना सांगायचा, "शीला, ही आपली एफडी आहे. मी गेल्यावर हीच तुला बघेल." मिलिंदच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर वहिनींनी हे वाक्य मला सांगितलं होतं, अगदी शांतपणे, तो गावाला गेलाय आणि निरोप ठेवून गेलाय अशा आवाजात. प्रज्ञाचं म्हणणं होतं, विकून टाकावी, गाळा सोडावा आणि आईने तिच्याकडे नाशिकरोडला यावं. वहिनींचं म्हणणं, वाढणारच असेल तर आत्ता का विकायची?

मी सकाळी गाळ्यावर पोचलो. सोमनाथने शटर वर केलं, गाडीवरचं कापड काढलं. उन्हाची तिरीप थेट बॉनेटवर पडली आणि सगळा गाळा थोडा लालसर झाला.

"लय दिवसांनी उघडली साहेब," तो म्हणाला. "हात नाय लागत."

मी चॅसिस नंबर बघितला, इंजिन नंबर बघितला. दोन्ही नोंदणीशी जुळत होते. जमवणाऱ्यांच्या बाजारात हे महत्त्वाचं. मला बरं वाटलं. मग सवयीने खिशातून चुंबक काढलं.

हे चुंबक आम्हा लोकांच्या खिशात नेहमी असतं. पत्रा चेपला की गॅरेजवाले त्यावर पुट्टी भरून रंग मारतात. डोळ्याला दिसत नाही. पण पुट्टीवर चुंबक चिकटत नाही. तेवढ्यावरून कळतं. मित्राच्या गाडीला मी कधी चुंबक लावलं नव्हतं. आणि ही गाडी फायबरची. इथे ते कुठेच चिकटायला नको होतं.

बॉनेटवर ते टक् करून चिकटलं. दारावर चिकटलं. मागच्या झाकणावर चिकटलं.

"सोमनाथ, हे काय?"

"फायबरला तडे जायचे ना. दादांनी एकेक करून पत्र्याचं केलं. हातानं ठोकून. बिजागऱ्यापण बदलल्या, कंपनीच्या खुळखुळायच्या."

"कंपनीचं जुनं कुठाय?"

"भंगारात दिलं." त्याने माझ्याकडे बघितलं. "चुकलं काय?"

मग मी खाली वाकून सगळं बघितलं. गिअरची जोडणी त्याची. हेडलाइटचे ब्रॅकेट त्याचे. डॅशबोर्ड त्याचा. चाकाजवळचे आर्म त्याचे. मला थोडं ठाऊक होतं, इतकं नव्हतं. एकही काम वाईट नव्हतं. कारखान्यातून निघाली तेव्हा ती गाडी इतकी चांगली नसणार. पण या बाजारात ओरिजिनल असण्याला पैसे मिळतात, चांगलं असण्याला नाही. मिलिंद तिला जसजशी सुधारत गेला, तसतशी तिची किंमत कमी होत गेली, आणि तो वहिनींना सांगत राहिला की वाढते आहे.

टेस्ट ड्राइव्ह रिपोर्टचा भाग असतो. वहिनी जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "मी बसू? मी दोनदाच बसलेय या गाडीत. केस उडतात म्हणून."

शहर संपलं. द्राक्षांचा हंगाम होता. बागांत घडांना कागद गुंडाळलेले होते. हिरव्या सावलीत कुणीतरी पांढरे दिवे टांगून विसरून गेल्यासारखे दिसत होते. क्रेट भरलेले ट्रॅक्टर बाजूला होऊन वाट देत होते. वहिनींनी पदर डोक्याला घट्ट बांधला होता आणि डोळे मिटले होते. गाडी इतकी हलकी चालत होती की मी चालवतोय असं वाटेना. मला वाटलं, हे असंच चालू राहावं, पूल येऊच नये.

पूल आला. मी इंजिन बंद केलं.

"सांगा आता," वहिनी डोळे न उघडता म्हणाल्या. "वाढेल का?"

मी म्हणालो, "अशा गाड्यांची वाढते, वहिनी. सोळाव्या वर्षी ज्यांनी ही शोरूमच्या काचेतून बघितली, ते आता पन्नाशीला आलेत. हातात पैसा आहे. त्यांना ती हवी असते. पण त्यांना तीच हवी असते, जशी काचेतून दिसली होती तशी. आणि ती माणसं म्हातारी झाली की भाव परत बसतो."

"आणि आपली?"

"आपली आता ती गाडी राहिलेली नाही. मिलिंदने सगळी बदलली. हिची नाही वाढणार."

त्यांनी डोळे उघडून नदीकडे बघितलं. मग हसायला लागल्या. मला ते अपेक्षित नव्हतं.

"माझा मिक्सरसुद्धा ओरिजिनल नाही, भाऊजी. झाकण उडतं म्हणून यांनी त्याला खिटी बसवली. आता तो दोन्ही हातांनी उघडावा लागतो." हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले. "मला सांगायचे, ही एफडी आहे. आणि रोज त्यातलं थोडं थोडं मोडत बसायचे."

रिपोर्टात मी तसंच लिहिलं. मी या कुटुंबाचा स्नेही आहे, हेही पहिल्या ओळीत लिहिलं.

करंदीकर आले. साठीचे, मऊ आवाजाचे. त्यांनी रिपोर्ट वाचला, गाडीभोवती फिरले, दार उघडून लावलं. दार हलक्या आवाजात बसलं. त्यांनी पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. असं ते तीन-चारदा करत राहिले.

"गाडी सुंदर आहे," ते म्हणाले. "पण मी नाही घेऊ शकत. माझ्याकडे दोन आहेत, दोन्ही ओरिजिनल."

"चालतात का?" सोमनाथने विचारलं.

करंदीकर जरा अवघडले. "उभ्या आहेत. एकीचा गिअर पडत नाही, दुसरीचं दार धरत नाही. पार्टच मिळत नाहीत. आमच्या ग्रुपात सगळ्यांच्या तशाच उभ्या आहेत." त्यांचा हात अजून दारावर होता. "ही बिजागरी मला करून मिळेल?"

"म्हणजे तुम्ही गाडी बघायला आलात की बिजागरी?" वहिनी म्हणाल्या.

"आलो होतो गाडी बघायला, ताई."

प्रज्ञाने सोमनाथला विचारलं, ड्रॉइंग आहेत का? त्याने मान हलवली. "ड्रॉइंग नाय. दादांच्या डोक्यात होतं सगळं. आता सॅम्पल म्हणजे ही गाडीच. पार्ट करायचे तर ही सोडून सुटी करावी लागंल. बिजागरी वेल्डिंगची हाय, पत्रा कापूनच निघंल. गिअरची जोडणीपण तशीच. परत अशी नाय बसणार."

शेजारच्या गाळ्यात प्रेस चालू होता, त्याचा ठोका जमिनीतून पायात येत होता. वहिनी माझ्याकडे वळल्या.

"भाऊजी, तुमचं काय म्हणणं?"

मला ती अख्खी हवी होती. विकू नका, चालवू नका, नुसती कापडाखाली राहू दे, असं म्हणावंसं वाटत होतं. मी म्हणालो, "अख्खी ठेवली तर गाळ्याचं भाडं जाईल आणि गाडी जागेवर जुनी होईल. सोडली तर सोमनाथला काम मिळेल आणि तुम्हाला घर चालवता येईल. हे माझं व्हॅल्युअर म्हणून मत."

"आणि माणूस म्हणून?"

"ते रिपोर्टात घेता येत नाही."

वहिनी गाडीजवळ गेल्या. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. थोडा वेळ ठेवला आणि उचलला. "सोमनाथ," त्या म्हणाल्या, "दारापासून सुरू कर. आणि तसेच कर हां, सुधारू नकोस."

गाडी पूर्ण सोडायची म्हणजे नोंदणी रद्द करावी लागते. त्यासाठी चॅसिस नंबर असलेला लोखंडाचा तुकडा कापून आरटीओत जमा करतात. तो मी नेऊन दिला. खिडकीमागच्या कारकुनाने तो उलटसुलट करून बघितला आणि डब्यात टाकला. आत आधीचे बरेच तुकडे होते.

करंदीकरांच्या दोन्ही गाड्या आता चालतात. त्यांच्या ग्रुपातल्या आणखीही चालू लागल्या. गेल्या महिन्यात त्यातली एक माझ्याकडे व्हॅल्युएशनला आली. मी चुंबक लावलं, कुठेही चिकटलं नाही. बिजागरी सातपूरची होती. गाडी ओरिजिनल होती आणि चालत होती, म्हणून आधीच्या अंदाजापेक्षा जास्त किंमत मला लिहावी लागली. स्वस्तातल्या जुन्या स्पोर्ट्स कारची किंमत वाढेल का, असं लोक विचारतात तेव्हा मी आता आधी विचारतो, तिचे पार्ट कोण बनवतं? ते कळलं तर बाकीचं सांगायला व्हॅल्युअर लागत नाही.

वहिनी रोज गाळ्यावर जातात. ऑर्डर प्रज्ञा बघते. भिंतीवर एका रांगेत खिळे आहेत आणि प्रत्येक खिळ्यावर एकेक सॅम्पल. कोपऱ्यात चॅसिस उभं करून ठेवलं आहे, इंजिन टेबलाखाली आहे. गाडी नाही.