इंटरव्हलनंतरची खुर्ची

सुधाकर गेल्याचं मला कळलं ते व्हॉट्सअॅपवर. त्याच्या कराओके मंडळाच्या ग्रुपात त्यानंच मला बळेबळे घातलं होतं, आणि मी तो तेव्हाच म्यूट केला होता. दुपारी सहज उघडला तर जोडलेल्या हातांची ही रांग... तो सकाळीच गेला होता. अंत्यदर्शनालाही मी पोचलो नाही. चाळीस वर्षांची मैत्री, आणि माझी ही तऱ्हा!

चित्रकलेचा मास्तर तो. निवृत्त झाल्यावर गाण्याचं वेड लागलं. दर गुरुवारी संध्याकाळी इंदिरानगरच्या एका हॉलमध्ये ही साठीपुढची मंडळी जमायची आणि मोबाइलवर शब्द बघत ट्रॅकवर गायची. "ये की रे एकदा, रुमाल टाकून जागा धरतो तुझी," तो म्हणायचा. मी पडलो पुरवणीतला सिनेपरीक्षक. मला तो पोरखेळ वाटायचा. गेलो नाही ते नाहीच.

मग गेल्या वर्षी अशाच हौशी कराओकेवाल्यांवर एक हलकाफुलका सिनेमा आला. सुधाकर नुसता हरखला. "अरे, आपल्यावर सिनेमा काढलाय! नीट लिही हां." रविवारी सगळ्या मंडळानं मिळून जायचं ठरलं. मुंबईच्या पेपरांनी बरं लिहिलं होतं. म्हणूनच की काय, मला शहाणपणा सुचला. शुक्रवारी पहिल्या खेळाला गेलो, कंटाळलो, इंटरव्हललाच उठून घरी आलो आणि सिनेमाला झोडपून काढलं. 'बेसुरांची करमणूक, बेसुरांसाठी.' फार खूश होतो मी त्या वाक्यावर! शनिवारी ते छापून आलं आणि मंडळाचा रविवारचा बेत बारगळला.

सुधाकर भांडला नाही. फोनवर एवढंच विचारलं, "शेवट कसा वाटला रे तुला?"

"ओढूनताणून आणलेला," मी ठोकून दिलं.

तो म्हणाला, "बरं." पुन्हा त्यानं त्या सिनेमाचा विषय काढला नाही. गुरुवारचं बोलावणं मात्र चालूच होतं.

तेराव्यानंतर त्याच्या घरी गेलो. चहा देताना त्याची मुलगी मनीषा बोलून गेली, "काका, बाबांना रविवारपर्यंत दम कुठला! आम्ही शुक्रवारीच गेलो होतो. अंधारात पोचलो, तुमच्या मागेच बसलो. इंटरव्हलला तुम्ही झटकन उठून गेलात; परत याल म्हणून त्यांनी तुमच्यासाठी समोसा आणला, शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकला. पिक्चर संपेपर्यंत उचलला नाही."

म्हणजे त्याला ठाऊक होतं! खरं बोलायची संधी देत होता तो मला, आणि मी... लाज वाटते लिहायला. घरी येऊन उरलेला सिनेमा पाहिला. शेवटी विधुर नायक द्वंद्वगीत म्हणतो. बायकोच्या ओळी आल्या की गप्प उभा राहतो, ट्रॅक नुसता वाजत राहतो. वहिनी गेल्यापासून सुधाकरही तसाच गायचा म्हणे. हेसुद्धा मनीषाकडूनच कळलं. मी कधी ऐकायलाच गेलो नव्हतो.

परवाच्या गुरुवारी गेलो त्या हॉलमध्ये. मागे बसलो, शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकला. एका बाईंनी विचारलं, "कुणी यायचंय का इथे?"

"हो," म्हणालो. पुन्हा खोटंच बोललो, सुधाकर. पण शेवटचं गाणं संपेपर्यंत उठलो नाही.