लांबून सांगितलेलं नाव

यशोधरा नेमकं काय काम करते, हे आमच्या कोल्हारात कुणाला धड सांगता येत नाही. मी तिची शाळासोबतीण. मला कळलं ते एवढंच: तारा फुटतो तेव्हा त्याच्या पोटात काही अणुकेंद्रं क्षणभर जगतात. कोलकात्याच्या प्रयोगशाळेत ही माणसं तशीच किरणोत्सारी अणुकेंद्रं तयार करतात आणि ती विरायच्या आत त्यांचा अभ्यास करतात. तारा कसा फुटला, ते त्यावरून उमगतं. अंगाला किती किरण लागले ते मोजायला छातीवर एक बिल्ला असतो.

त्या बिल्ल्यासकट फोटो तिने हौसेने घरच्या ग्रुपवर टाकला आणि तिथेच माशी शिंकली.

तिच्या भावाला मुलगी झाली. दीपावहिनीचे आधीचे दोन गर्भ टिकले नव्हते, त्यानंतरची ही. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून यशोधरा रजा काढून आली. पण तिची आई, गीताबाई, तिला वेगळ्याच कपात चहा देऊ लागली. कान तुटलेला कप, मोरीपाशी पालथा ठेवलेला. कुणीतरी मोबाईलवर अणुबॉम्बनंतर व्यंग घेऊन जन्मलेल्या लेकरांचा व्हिडिओ पाठवला होता म्हणे.

"आई, बिल्ल्यात काही निघालेलं नाही. आणि ते अंगाला चिकटून घरी येत नाही गं," यशोधराने परोपरीने समजावलं. गीताबाई मान हलवायची आणि कप पुन्हा मोरीपाशी पालथा घालायची. माझं तर डोकंच फिरलं होतं.

नामकरणाच्या दिवशी बुद्धवंदना झाली. यशोधरा पाळण्याकडे निघाली तशी गीताबाईने बाळ उचलून छातीशी धरलं.

"तू दारातूनच सांग नाव. लांबून."

यशोधराचे वडील कारभारीनाना उठले, मोरीपाशी गेले आणि त्याच कपात पाणी घेऊन घटाघटा प्यायले.

"अवो, त्यो पोरीचा हाय!" गीताबाई ओरडली.

"म्हाईत हाय. माज्या बापाचा बी असाच हुता, हाटेलाच्या भायेर ठेवलेला. त्यो तू घरात आनला व्हय?"

गीताबाई हमसाहमशी रडायला लागली. "चुकलं माजं. पन दोन लेकरं गेली वो!" रडताना बाळाभोवतीची मिठी मात्र तिने सोडली नाही.

यशोधराने ते पाहिलं. ती मागे सरकून उंबऱ्यापाशी उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "संघमित्रा." साऱ्या गल्लीने नाव ऐकलं. बाळ झोपलेलंच होतं.