मित्राला सुतक नसतं

मंडळी, या गेमिंग ग्रुपवर मी फक्त वाचत असतो. आज पहिल्यांदा लिहितोय.

दुपारी नवा रोल-प्लेइंग गेम खेळत होतो. त्यात माझ्या नायकाचं एका शिपायावर प्रेम आहे. आज तो शिपाई लढाईत मारला गेला. चितेपाशी गर्दीत मागे उभ्या नायकाला एका म्हातारीने विचारलं, "तुझा कोण होता तो?" खाली तीन उत्तरं आली: मित्र, भाऊ, नवरा.

मी कंट्रोलर खाली ठेवला.

तीन महिन्यांपूर्वी माझा महेश गेला. नगरला आम्ही सात वर्षं एकत्र राहिलो, लोकांसाठी रूममेट म्हणून. काष्टीला, त्याच्या गावी, अंत्यविधीत मी मागेच उभा होतो. त्याच्या काकांनी विचारलं, "तुमी कोन त्याचे?"

"मित्र."

"मग तुमाला सुतक न्हाई. उद्या बिनघोर कामावर जावा." ते मायेनेच बोलले. मी गेलोही.

आज मी 'नवरा' निवडलं. म्हातारी दचकली नाही. म्हणाली, "मग मागे का उभा? पुढे ये."

मी आत्ता उद्याची रजा टाकतोय. अर्जात कारण विचारलंय. तुम्ही काय लिहिलं असतं?