बाहीवरचं पीठ

नलू गेल्याचं मला माझ्या मुलीने, केतकीने, फोनवर सांगितलं. नलिनी माझी जुनी मैत्रीण. नॉर्थ यॉर्कच्या एकाच इमारतीत आम्ही वर-खाली राहायचो, तिचा डबा माझ्याकडे आणि माझा तिच्याकडे अशी वर्षं गेली. पण तिच्या मुलाने हॉस्पिटलमधून पहिला फोन केला तो रिचमंड हिलला राहणाऱ्या केतकीला. "आई, आधी बस," केतकी म्हणाली. "नलूमावशी गेली. हार्ट अटॅक." मी बसले. आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी मनात आलं ते हेच... हिला आधी कसं कळलं?

हा जळफळाट तसा जुनाच. निवृत्तीनंतर नलू आणि मी नायगाराकडच्या एका जुन्या शेतघरात उन्हाळ्यातले शनिवार-रविवार व्हॉलंटियर म्हणून जायला लागलो. दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकन फौज सीमेवरची नदी ओलांडून इकडे आली, शेजारच्या कुरणात लढाई झाली, आणि या घरातली माणसं आत बसून तोफा ऐकत राहिली. त्या काळचे कपडे घालून त्यांचं रोजचं जगणं पाहुण्यांना दाखवायचं, हे आमचं काम. इतिहासात एम.ए. मी, नलू नुसती सोबतीला आलेली. मला घरची मालकीण व्हायचं होतं आणि ते मिळालंही... निळा रेशमी झगा, दिवाणखाना, चिनी मातीच्या कपबश्या. नलूने आपणहून स्वयंपाकघर मागून घेतलं. आणि सगळं जग स्वयंपाकघरात! माझं बोलणं रंगात आलं की नेमका पावाचा वास यायचा, पाहुणे चुळबुळ करायचे आणि "एक्स्क्यूज मी" म्हणत मागे सटकायचे. तिकडे ही नागपूरकर बाई पीठ मळता मळता सांगायची, की लढाईच्या दिवशीही इथली भट्टी पेटलेली होती, दोन्हीकडच्या जखमींना त्याच पावाचे तुकडे मिळाले. आणि या चुलीपुढे त्याआधी गुलाम म्हणून विकत आणलेली एक बाई राबायची. मालकाचं नाव दाराशी कोरलंय, तिचं कुणी लिहूनही ठेवलं नाही. लोक डोळे पुसत बाहेर यायचे. माझ्या कपबश्या बघून कोण रडणार?

पाहुण्यांचं एक वेळ ठीक, पण केतकीही तिकडेच. मला भेटायला म्हणून यायची आणि मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात शिरायची. तिचा घटस्फोट ठरल्याचंसुद्धा नलूला आधी कळलं. "तू पॅनिक होतेस ना, आई," हे वर. मी नलूशी बोलणं टाकलं. ती दाराशी डबा ठेवून जायची, आणि तिची भरली वांगी मी रागारागाने संपवायचे.

दर उन्हाळ्यात एकदा ती लढाई कुरणात पुन्हा लढली जाते. त्या दिवशी नलूचं एक ठरलेलं असे. तोफ उडायच्या जरा आधी ती भरलेलं स्वयंपाकघर सोडून माझ्या दिवाणखान्यात यायची आणि पिठाच्या हाताने माझी बाही धरायची. "काहून दचकून राहिली, मंदा? नुसती बारूद आहे." रेशमावर बोटं उमटायची. मी करवादायचे, "झगा खराब केलास!" मला वाटायचं, माझ्याकडचे चार पाहुणेही हिला हवेत.

यंदा स्वयंपाकघर केतकीने घेतलं, मला न विचारता. लढाईच्या दिवशी पाहुणे सगळे कुरणाकडे गेले आणि दिवाणखान्यात मी एकटी उरले. खिडकीतून तोफेशी उभी माणसं दिसत होती, मी खिडकीपासून मागे सरकले... तेवढ्यात केतकी धावत आली. अंगावर नलूचा एप्रन, हात पिठाने माखलेले.

"पाव?" मी विचारलं.

"जळू दे." तिने माझी बाही धरली. "मावशीने प्रॉमिस घेतलं होतं. शी सेड, तुझी आई तोफेला घाबरते पण कबूल करणार नाही. मी नसले तर तू जायचं."

म्हणजे माझी भीतीसुद्धा या बाईने माझ्या मुलीला परस्पर देऊन टाकली होती! मेली तरी माझ्या पुढेच. तोफ उडाली, मी दचकले, आणि केतकीने बाही सोडली नाही.

झगा धुवायला परत द्यायचा आहे, शेतघरातून तसा निरोपही आला. तो अजून माझ्या खुर्चीवरच आहे. बाहीवर केतकीची बोटं उमटली आहेत, नलूची उमटायची तिथेच. मला नलूचा हेवा वाटतो, आजही वाटतो. पण ते पीठ मी झटकलेलं नाही.