भिंत तुमची, तारीख सरकारची

वैजनाथमामांनी कुणाला दोन हात जोडून नमस्कार केल्याचं मी जन्मात पाहिलं नाही. समोरच्याचा डावा हात धरायचा, करंगळीशेजारचं बोट मुठीत घ्यायचं आणि म्हणायचं, "शरणार्थ! ताप हाय का घरात कुणाला?" 'हाय' म्हणायला तोंड उघडेपर्यंत सुई टोचून, रक्ताचा थेंब काचेवर पसरून मामा पुढच्या दारात पोचलेले असत. आमच्या गावच्या डासांनी म्हणे वैतागून जिंतूर तालुक्यात बदली मागून घेतली. मामा आमच्यासाठी रक्तच ठेवत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती.

मामा म्हणजे सरकारी आरोग्यसेवक. राहायचे वालूरला आणि दर पंधरा दिवसांनी सायकलवर आमच्या गावात यायचे. मामा लिंगायत; कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खांद्याला काचपट्ट्यांची पिशवी, हँडलला गेरूचा डबा. घरोघर तापाची चौकशी करायची, रांजणात डोकं घालून डासांच्या अळ्या शोधायच्या आणि निघताना दाराशेजारी गेरूनं त्या दिवसाची तारीख लिहून खाली सही ठोकायची. आकडे असे टोलेजंग, की सेलूच्या स्टेशनावर उभ्या माणसाला आमच्या घरी मामा कधी आले ते वाचता यावं.

माझं लग्न झालं त्या वर्षी मी नवी भिंत घातली होती. सुमन, म्हणजे माझी बायको, त्या भिंतीला जीव लावून होती. मामांनी ब्रश काढला तशी ती आडवी आली. "मामा, नवी भिंत खराब कामून करायलात?"

"भिंत तुमची, तारीख सरकारची," मामा म्हणाले. "अन् पोरी, ही साहेबासाठी न्हाई, तुझ्यासाठी हाय. पंधरा दिवस झाले अन् नवी तारीख पडली न्हाई, तर सरकार झोपलंय म्हनून समज. मग वरड."

पुढं त्याच पावसाळ्यात सुमनला हिवताप झाला. अशी थंडी वाजली, की तिची खाट चालत चालत घरातून माझ्या पिठाच्या गिरणीपर्यंत आली. मी साक्षीला आहे. काचेवरच्या रक्तात हिवताप निघाल्याबरोबर मामा आले, ते सलग तीन दिवस, फेरी नसताना, गुडघाभर चिखल तुडवत. कडू गोळी समोर गिळायला लावायचे. "आ कर. जीभ वर कर. गोळी घेतली म्हननाऱ्यांच्या तुळशीत गोळ्या उगवलेल्या बघितल्यात मी." तिसऱ्या दिवशी तिला भाकरीची भूक लागली, तेव्हा मामा माझ्याच गिरणीत पोत्यावर आडवे झाले आणि असे घोरले, की जातं बंद आहे हे गिऱ्हाइकांना कळेना.

एका दिवाळीला मात्र आम्ही घात केला. सणाचा चुना सगळ्या गावानं एकाच आठवड्यात मारला आणि मामांच्या वर्षभराच्या तारखा साफ पुसल्या गेल्या. नेमकी तेव्हाच कुणीतरी तक्रार केली, की या भागात आरोग्यसेवक फिरकतच नाही. परभणीहून साहेब भिंती तपासायला येणार असा निरोप आला. भिंतीवर तारीख नसली तर मामांची नोकरी जाणार. आणि मामांची जागा एकदा रिकामी झाली, की ती भरणार कोण? शेजारच्या गावची जागा इतकी वर्षं रिकामी होती, की त्या खुर्चीत कोंबडीच्या सात पिढ्या उबवून झाल्या होत्या.

गावात अक्कल एकट्या माझ्याकडेच होती, म्हणून मीच तोडगा काढला. "घ्या गेरू. आपनच लिहू!" साहेबांची जीप यायच्या दिवशी सकाळी अख्खं गाव लिहायला बसलं. घरं लिहून झाली तरी हुरूप संपेना. मग देवळाच्या पायऱ्या, नंदीचं वशिंड, माझी गिरणी, सरपंचाची म्हैस. एवढ्या तारखा लिहायच्या तर मागचे महिने पुरेनात. मी दोन पुढच्या महिन्यातल्याही लिहून टाकल्या.

साहेब उतरले. मागून सायकल ढकलत मामा. साहेबांनी सरपंचाची भिंत वाचली, मग माझी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. "वैजनाथराव, तुम्ही पुढच्या महिन्यातसुद्धा येऊन गेलात?"

मामांनी एकेक भिंत नजरेखालून घातली. मग खांद्यावरचं उपरणं काढलं, आमच्याच रांजणात बुडवलं आणि भिंत पुसायला लागले.

"मामा, काय करायलात!" मी हात धरला. "नोकरी जाईल तुमची!"

"जाऊ दे. खोटी तारीख तुमीच लिहायला शिकलात, तर उद्या खरंच कुनी आलं न्हाई तेव्हा कशाकडं बघून वरडताल?"

एवढे चिडलेले मामा मी कधी पाहिले नव्हते. चार घरं पुसून झाली. पांढरं उपरणं लालभडक झालं. साहेबांनी कागद आणि पेन काढलं. निघण्याआधी रीत म्हणून ते शेजारच्या ओसरीवर बसलेल्या सीताआजीकडे वळले. आजीला मोतीबिंदूनं काही दिसत नव्हतं. साहेब वाकले, "आजी, इथं आरोग्यसेवक..."

वाक्य पुरं व्हायच्या आत आजीनं डावा हात पुढं केला. करंगळीशेजारचं बोट ताठ. "ताप न्हाई रे बाबा. पर घे."

साहेब थबकले. मग मागं वळून पाहतात तर दारात उभ्या आजीच्या दोन्ही सुना, शिंपी, सरपंच, सगळ्यांचे डावे हात पुढं. मी माझ्या हाताकडे पाहिलं, तर तोही निघालेला.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "चहा कुठं मिळेल?" एवढंच म्हणाले. मामांची नोकरी राहिली.

पुढं मामा रिटायर झाले. शेवटच्या दिवशी घरोघर जाऊन तारीख लिहिली आणि प्रत्येक उंबऱ्यात तेच सांगितलं, "ह्याच्याफुडं नवी पडली न्हाई तर वरडा बरं."

नवी पडली नाही. कागदावर आमच्या गावाला माणूस आहे. त्याच्याकडे आणखी किती गावांचा कारभार दिलाय, ते बिचाऱ्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं नाही. आमच्या घराला भेट दिल्याची नोंद म्हणे आता मोबाईलमध्ये असते. आम्हाला ती दिसत नाही. आणि आम्ही ओरडलो का? एक अर्ज केला, ग्रामसभेत एक ठराव केला आणि घसा बसला. मोटारसायकलवाले परभणीच्या खाजगी दवाखान्यात जायला लागले. बाकीच्यांनी गोधड्या पांघरल्या. मी एवढ्या थापा मारतो, पण ही त्यातली नव्हे.

गेल्या वर्षी मामा गेले. आम्ही वालूरला गेलो. त्यांच्यात माणसाला बसवून माती देतात. विभूती लावून मामा बसलेले, जणू एवढ्यात म्हणतील, "शरणार्थ!" माझं बोट आपोआप पुढं झालं. सुमननं ते हळूच धरून खाली केलं.

यंदा घराला ऑइलपेंट द्यायचा म्हणून परभणीहून पेंटर आणला. दोन दिवसांत सगळं घर आंब्याच्या रंगाचं झालं. दाराशेजारचा हातभर चौकोन मात्र, दर दिवाळीच्या चुन्यातून राखलेला, सुमननं त्याला शिवू दिला नाही. आत गेरूचे फिकट आकडे आणि सही.

"काकू, एवढंच कामून सोडायलाव? तारीख तर लय जुनी हाय."

"जुनी झाली हे दिसाया तर पायजे," सुमन म्हणाली. पेंटरनं खांदे उडवले, ब्रश बुडवला आणि चौकोनाच्या कडेनं रंग ओढायला लागला. सुमन पुन्हा पुढं झाली.

"थांब. खाली अजून हातभर सोड. येनारा लिहील कुठं?"