भावोजींनी पाहिलेलं ओसाका

माझे भावोजी शिगेनोबू कुरामित्सु ओसाका फिरून आले हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे, कारण सगळ्यांनी त्याचा पुरावा खाल्ला आहे.

भावोजी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेत कारकून. रजा मागणं त्यांच्या अगदी जिवावर येतं. या वसंतात त्यांनी दोन दिवस मागितले, तेव्हा साहेबांपासून शिपायापर्यंत प्रत्येकाच्या टेबलापुढे जाऊन वाकून माफी मागितली. सगळे म्हणाले, निवांत जाऊन या. आमच्याकडे याचा अर्थ एकच, येताना खाऊ आणा. फिरायला गेलेल्याने मागे राहून काम ओढणाऱ्यांसाठी त्या गावचं काहीतरी आणायचं असतं. हे कुठे लिहिलेलं नाही, म्हणूनच कोणी मोडत नाही.

रजा खरं तर माझ्या बहिणीसाठी, सुमिएताईसाठी होती. तिच्या शाळेची सहल ओसाकाला गेली, तेव्हा ही ताप येऊन मुक्कामाच्या खोलीत पडून राहिली. मैत्रिणी किल्ल्यावर चढून आल्या आणि तिच्यासाठी एक चिमुकली पितळी घंटा घेऊन आल्या. ती अजून तिच्या चाव्यांच्या जुडग्यात वाजत असते. पुढे लग्न झालं, मुलं मोठी होऊन लांब गेली, किल्ला राहिलाच. "एकदा वरून ते शहर बघायचंय," एवढंच ती म्हणायची, तेही चहा ओतता ओतता. या वर्षी भावोजी चक्क हो म्हणाले. त्यांचं मांजर सांभाळायला मी त्यांच्या घरी येऊन राहिले आणि मनात म्हटलं, माणूस सुधारला.

कसला सुधारतोय! ओसाकात उतरल्या उतरल्या भावोजी एका मोठ्या दुकानाच्या तळघरातल्या खाऊच्या बाजारात शिरले. आधी खाऊचं उरकून टाकू, मग डोकं मोकळं, असं त्यांचं म्हणणं. पण त्यांचा खाऊ सहजासहजी उरकणारा नव्हता. प्रत्येक नग वेगळ्या कागदात हवा. सोमवारनंतरही टिकला पाहिजे. साहेबांचा डबा उपसाहेबांच्या डब्याहून मोठा हवा, पण उपसाहेबांच्या लक्षात येईल इतका नको. शिवाय त्यांच्या ऑफिसातल्या मिनेगिशीबाईंचं प्रकरण ताजं होतं. त्यांनी समुद्रकाठच्या सहलीहून आणलेली बिस्किटं कोणीतरी उलटून पाहिली, तर ती आमच्याच जिल्ह्यात भाजलेली निघाली. बाई अजून मान खाली घालून चहाला येतात.

म्हणून भावोजी डबा उचलायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि मागचं बारीक अक्षर वाचायचे. ताई बसायला जागा शोधत होती. तळघरातून बाहेर पडले तोवर किल्ल्याचं दार बंद झालेलं. उद्या सकाळी पहिलं काम तेच, असं त्यांनी तिला वचन दिलं आणि ऑक्टोपसचे गरम गोळे खाऊ घातले. ताईची जीभ पोळली, तरी ती छान आहेत म्हणाली. हा तिचा जुना दोष आहे, मी तिला तोंडावर सांगितलेला.

दुसऱ्या दिवशी ते खरंच किल्ल्यापाशी पोचले. चेरी फुललेली, ऊन छान पडलेलं. घात त्या उन्हानेच केला. डब्यांवर किल्ल्याचं चित्र होतं, ते खऱ्या किल्ल्याशी जुळतं का, हे बघायला भावोजींनी एक डबा पिशवीतून काढला. चित्र जुळलं. मग सवयीने त्यांनी तो उलटला. तळघरात किमतीच्या चिठ्ठीखाली दडलेली ओळ आता चिठ्ठी सुटल्यामुळे उन्हात स्वच्छ दिसत होती. लाल चवळीच्या सारणाचा तो ओसाकी खाऊ आमच्या गावाच्या शेजारच्या गावात बनला होता.

"हे बदलून आणलंच पाहिजे," भावोजी म्हणाले.

"अहो, आता? दारात उभे आहोत आपण," ताई म्हणाली.

"सोमवारी मी तोंड कसं दाखवू? तू जा वर, मी आलोच."

ते आले थेट स्टेशनवर, गाडी सुटायच्या जरा आधी, दोन्ही हातांत नव्या पिशव्या आणि चेहऱ्यावर परीक्षा पास झाल्याचं समाधान.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी चटईवर डबे मांडले. हा साहेबांचा, हा उपसाहेबांचा, हा मिनेगिशीबाईंचा, तो मुद्दाम उलटा ठेवलेला, मागची ओळ दिसेल असा. मी चहा केला. मांजर रिकाम्या पिशवीत जाऊन बसलं. ताईने पर्समधून कागदाची एक पुडी काढून मला दिली. आत पितळी घंटा होती, तिच्या जुन्या घंटेसारखीच.

"तू घरी राहिलीस ना, म्हणून," ती म्हणाली.

मग तिने तशीच दुसरी पुडी काढली आणि दोन्ही हातांनी भावोजींपुढे धरली.

"ही कुणाला द्यायची? कुणी राहिलं का माझ्याकडून?" भावोजी दचकून म्हणाले.

"तुम्हालाच. जे आले नाहीत त्यांच्यासाठी आणतात ना."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला तरी बरं वाटलं असतं. भावोजींनी जन्माच्या सवयीने पुडी दोन्ही हातांनी घेतली, वाकले, आभारही मानले. वाकलेले असतानाच त्यांना काय ते कळलं असावं, कारण ते बराच वेळ वर उठले नाहीत. उठले तेव्हा त्यांनी डब्यांकडे पाहिलं नाही. घरी राहिलेला माणूस जे विचारतो, तेच त्यांनी ताईला विचारलं.

"वरून कसं दिसतं गं?"