अकरा रिकाम्या ओळी

आर्वो केम्पाइनेन पहिल्यांदा माझ्या टेबलापाशी आले तेव्हा लॅपटॉप त्यांनी पावाच्या टोपलीतून आणला होता, वर टॉवेल झाकून. नोव्हेंबर संपत आला होता. लेक सुपीरिअरवरून येणारा वारा कॉलेजच्या दारं-खिडक्यांना धरून हलवत होता. त्यांनी टोपली ठेवली, टोपी काढली आणि म्हणाले, "हे मोडलंय."

मी कॉलेजच्या संगणक मदत केंद्रात बसते. आमचं एगेट कोव्ह एवढंसं गाव, त्यामुळे विद्यार्थी सोडून गावातलीही माणसं येतात. पायथनमध्ये आलेख काढायचं मॅटप्लॉटलिब नावाचं साधन आहे, त्याची रड घेऊन येणारे सगळ्यात जास्त. कुणाचं चित्र कोरंच जतन होतं, कुणाच्या तारखा एकमेकींच्या अंगावर चढतात, कुणाच्या अंशाच्या चिन्हाच्या जागी चौकोनी डबा येतो. माझा स्वभाव तसा तापट. पण शहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्यावर पहिल्याच दिवशी काय खेकसायचं?

"मोडलं म्हणजे काय झालं?"

"मी त्याला बोलावतो, तर म्हणतं, असं काही नाहीच इथे."

मी बघितलं आणि मला हसू फुटलं. त्यांनी स्वतःच्या फाइललाच मॅटप्लॉटलिब नाव दिलं होतं. संगणक आधी आपल्याच घरात शोधतो. त्या नावाची फाइल तिथे सापडली की तो बाहेर जातच नाही.

"अहो, हाक तुम्ही त्याला मारलीत आणि ओ तुम्हीच दिलीत."

"माझ्या घरी तसंच असतं," आर्वो म्हणाले. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मग टोपलीतून वेलदोड्याच्या पावाची जाड फोड काढून माझ्यापुढे ठेवली. "नाव काय देऊ मग?"

"काहीही द्या. पाणी द्या."

त्यांनी दोन बोटांनी, अक्षर शोधत शोधत, 'पाणी' असं टाइप केलं.

आर्वो बंदरावर रखवालदार होते. एकोणीसशे त्र्याऐंशीपासून एकतीस वर्षं रोज सकाळी साडेसहाला धक्क्याच्या टोकाशी जायचं, बादली सोडायची, पाण्याचं तापमान वहीत लिहायचं. हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून. सुरुवातीला सरकारी कागद यायचा, पुढे तो यायचा बंद झाला. आर्वोंनी बादली बंद केली नाही. का, असं विचारलं तर म्हणायचे, "सकाळी उठून कुठेतरी जायला नको का माणसाने?" लग्न केलं नाही. भाऊ होता तो वारला. धक्क्याजवळच्या घरात एकटे राहायचे. घरामागे वाफेच्या अंघोळीची लाकडी खोली होती, सौना. शनिवारी ती तापवायचे, तीसुद्धा एकट्यासाठी.

टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीच्या, हॉलमध्ये त्या वह्यांचा मोठा आलेख लावायचं ठरलं होतं. आर्वो हट्टाला पेटले, आकडे मीच घालणार आणि आलेखही मीच शिकून काढणार. अख्खा हिवाळा ते दर मंगळवारी आले, दर वेळी नवी अडचण घेऊन. मी चिडायचे, ते पाव कापायचे.

"अहो, चित्र दाखवून झाल्यावर जतन केलंत तर कोरंच मिळणार! आधी जतन, मग दाखवा. किती वेळा सांगू?"

"पोरी, ओरडू नकोस. बर्फ फुटेल."

मी बावन्न वर्षांची पोर! पण खरं सांगते, मला ते आवडायचं. माझ्या घरीही मला पोरी म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही.

मार्चमध्ये आकडे घालून संपले. दर वर्षाची एक पट्टी, अशा एकाखाली एक एकतीस पट्ट्या, प्रत्येक पट्टी हातभर रुंद. शेवटचा हात मी फिरवला. रांगा तपासल्या, चुकलेले दशांश नीट केले आणि आमच्या धंद्यातली नेहमीची सफाई केली. म्हणजे एक आज्ञा द्यायची, की ज्या ओळीत आकडा नाही ती ओळ उडवून टाक. हे आम्ही झोपेतही करतो. आलेख असा देखणा आला की मी स्वतःवरच खूश झाले. टाउनशिपच्या अध्यक्ष ग्लॅडिसबाईंनी वर मथळा घातला: 'एकतीस वर्षं, एकही दिवस न चुकता.' शनिवारी हॉलमध्ये लागायचा होता.

मंगळवारी नमुना आर्वोंपुढे पसरला. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग चौऱ्याण्णवच्या पट्टीवर, जुलैत, बोट ठेवलं.

"हे चुकलंय."

"काय चुकलंय? आकडा?"

"रेघ."

"कुठे चुकलीये रेघ? चूक दाखवणारं एक तरी लाल अक्षर आलं का? काही अडलं का?"

"अडलं नाही, तेच चुकलंय."

झालं, माझं डोकं फिरलं. चार महिने मान मोडून काम केलं, वर हे कोडं! मी म्हटलं, "आर्वो, तुम्हाला आलेख नकोच आहे. मंगळवार हवाय तुम्हाला. संपलं की यायला कारण नाही, म्हणून चुका काढताय."

शब्द तोंडातून गेला आणि मला वाटलं, जीभ हासडून टाकावी. त्यांनी टोपी घातली, टोपली उचलली. पाव न कापताच गेले.

बुधवारी त्यांचा फोन लागला नाही. गुरुवारी मी त्यांची मूळ फाइल उघडली, सफाईच्या आधीची. सतरा जुलै ते सत्तावीस जुलै चौऱ्याण्णव. अकरा तारखा त्यांनी दोन बोटांनी एकेक करून टाइप केल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे जागा रिकामी ठेवली होती. अख्ख्या एकतीस वर्षांत रिकाम्या ओळी तेवढ्याच. मी त्या उडवल्या होत्या. ओळ जागेवर ठेवून आकडा रिकामा सोडला तर रेघ तिथे तुटते. ओळच काढली तर मॅटप्लॉटलिबला मधलं काही माहीतच नसतं, ते सोळा तारखेवरून थेट अठ्ठावीसवर रेघ ओढून मोकळं होतं. सुरेख, सरळ, आणि साफ खोटी रेघ.

मी गाडी काढली आणि धक्क्यावर गेले. आर्वोंनी दार उघडलं, कॉफी ओतली.

"चुकले मी," मी म्हटलं. "दोन्ही बाबतीत."

"हं."

"आजारी होतात का तेव्हा?"

त्यांनी कप फिरवला. "तळ्यापलीकडून, थंडर बेहून, एक शिडाची बोट आली होती. इंजिन बिघडलेलं. हेल्वी आणि तिचा भाऊ. सुटा भाग यायला अकरा दिवस लागले. तिला बोटीतला डिझेलचा वास सोसेना, म्हणून मी माझी खोली दिली. मी सौनात झोपलो."

"अकरा दिवस सौनात?"

"चार," आर्वो म्हणाले, आणि शहात्तराव्या वर्षी कानापर्यंत लाल झाले.

मी त्यांच्या कपात आणखी कॉफी ओतली.

"धक्का इथेच तर आहे, पोरी. ती उठायच्या आत जाऊन परत आलो असतो. नाही गेलो. रात्री वहीत तारीख घालायचो आणि पुढे काही लिहायचो नाही. अकरा दिवस मला पाणी आठवलंच नाही."

"मग?"

"बोट नीट झाली. ती म्हणाली, चल माझ्याबरोबर. मी म्हटलं, तापमान कोण घेणार?" त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "ती हसली. तिला वाटलं, मी थट्टा करतोय. मग तिच्या लक्षात आलं की करत नाहीये."

खिडकीबाहेर धक्का दिसत होता. टोकाशी अजून ती बादली उलटी ठेवलेली होती.

"पुढे दोन पत्रं आली. मला काय लिहावं सुचलं नाही. अठ्ठावीसला सकाळी साडेसहाला त्रेपन्न अंश फॅरनहाइट होतं, ते लिहिलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सगळ्या रेघा एकट्याच्या आहेत. तेवढी एक जागा एकट्याची नाहीये. आणि तुझ्या त्या यंत्राने तिथेही मला धक्क्यावर उभा केला."

मला रडू आलं. लपवलंही नाही.

शुक्रवारी मी अकरा ओळी परत घातल्या. चौऱ्याण्णवच्या पट्टीत एक बोट मावेल एवढी फट पडली. ग्लॅडिसबाईंनी नमुना बघून कपाळाला हात लावला. "अगं, भोक पडलंय की! लोक विचारतील ना. आणि माझा मथळा?"

"विचारू देत," मी म्हटलं. "आणि मथळ्यातलं 'एकही दिवस न चुकता' खोडा."

"मग उरलं काय त्यात?"

"एकतीस वर्षं उरली. कमी आहेत का?"

शनिवारी हॉलमध्ये कॉफी होती, मांसाच्या करंज्या होत्या, निम्मं गाव होतं. आर्वो इस्त्रीचा शर्ट घालून आलेखापाशी उभे राहिले, त्यांच्यापासून दोन हातांवर मी. लोक येत होते, आपापल्या जन्माचं, लग्नाचं साल शोधून पाणी किती गार होतं ते बघत होते. तटरक्षक दलातून निवृत्त झालेला एक माणूस बराच वेळ चौऱ्याण्णवपाशी अडकला. मग त्याने त्या फटीवर बोट ठेवलं.

"इथे काय झालं होतं हो, आर्वो? थर्मामीटर फुटला होता का?"

"नाही," आर्वो म्हणाले. "तेव्हा मी घरी होतो."